अल्पखर्ची अद्भुतपट आणि झाडीपट्टी : एक विवेचन

प्रस्तावना :
नेहमीच्या जगाहून वेगळे, स्वतःचे नियम असलेले जग आणि त्यात शिरणारा नायक ही अद्भुतपटाची मूळ रचना होय. असे जग उभारण्यास मोठे भांडवल लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटाच्या आधारे हा समज तपासून चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

विवेचन :
कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे ही त्या काळातील चमत्कारदृश्यांची साधने होती. या चित्रपटात बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. उपलब्ध प्रतीच्या आरंभी ती मुद्राभिनय करून दाखवते व नंतर कृष्णरूपात प्रकटते. युक्ती न लपविता प्रेक्षकाला विश्वासात घेतले जाते. पुढे यमुनेचे पाणी हीच दोन जगांची सीमा ठरते. पाण्याखाली कालियाशी झुंज आणि काठावर व्याकूळ गोकुळ, अशी दृश्ये आळीपाळीने येतात. काठावरच्या चेहऱ्यांवर भय उमटते, म्हणूनच पाण्याखालचे जग खरे वाटते.

असा विश्वास झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला नवा नाही. धानकापणीनंतरच्या हंगामात वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. पडदा, प्रकाश व संगीत एवढ्यावर स्थळकाळ बदलतो आणि रसिक तो संकेत स्वीकारतात. अल्पखर्ची अद्भुतपटाला लागणारे नट, वादक आणि जाणता प्रेक्षकवर्ग येथे आहेच.

मात्र एक धोका संभवतो. येथील अरण्य विनामूल्य नेपथ्य म्हणून हाती येते आणि तेच ‘गूढ दुसरे जग’ म्हणून दाखविण्याचा मोह होतो. माडिया-गोंडांसाठी अरण्य हे घर व उपजीविका आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच नात्याची कायदेशीर नोंद होय. त्या रहिवाशांना परलोकीचे प्राणी ठरविणारा चित्रपट खर्च वाचवील, परंतु सत्य गमावील.

निष्कर्ष :
अद्भुतपटाचे यश खर्चापेक्षा दोन जगांमधील स्पष्ट सीमारेषेवर अवलंबून असते. झाडीपट्टीत ती रेषा गाव आणि अरण्य यांच्यामध्ये ओढणे अनुचित ठरेल. येथील माणसाच्या नित्य जगात अरण्यही धरूनच ती आखावी लागेल.