रेडिओ गप्प होऊ नये म्हणून...

संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना म्हटले की निळे शिरस्त्राण घातलेला सैनिक आणि पांढरी चिलखती गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. याच ताफ्यामागून एखाद्या मालवाहू विमानातून ट्रान्समीटरच्या पेट्या, जाड काळ्या केबलची भेंडोळी आणि अँटेनाचे सुटे भाग उतरतात, त्यांचे छायाचित्र सहसा छापून येत नाही. त्या पेट्या उघडून, मनोऱ्यावर माणसे चढवून, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात रेडिओ केंद्र उभे करणारा आणि ते अखंड चालू ठेवणारा एक स्वतंत्र व्यावसायिक या मोहिमांमध्ये असतो. प्रसारण तंत्रज्ञ ही त्याची ओळख. श्रोत्यांना त्याचे नाव कधी कळत नाही. केंद्र बंद पडले, तरच त्याची आठवण होते.

ज्या देशात वर्तमानपत्र शहराच्या वेशीबाहेर जात नाही, वीज नाही, रस्ते नाहीत आणि बहुसंख्यांना वाचता येत नाही, तेथे दोन सेलवर चालणारा रेडिओ हेच बातमीचे साधन उरते. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणसांची मने. शांतिसेनेला हे कळायला बराच वेळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

रवांडात काय घडले?

खरे तर सुरुवात चांगली झाली होती. कंबोडियात १९९२ मध्ये राष्ट्रसंघाच्या मोहिमेने स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. पुढल्या वर्षी मे महिन्यात तेथे निवडणूक व्हायची होती. ख्मेर रूजने तिच्यावर बहिष्कार पुकारला होता, धमक्या दिल्या जात होत्या, आणि आपण कोणाला मत दिले हे कोणालातरी कळेल या धास्तीने खेडोपाडी लोक धास्तावले होते. मतदान गुप्त आहे, ही एकच गोष्ट त्या केंद्राने ख्मेर भाषेत पुन्हा पुन्हा सांगितली. ऐकायला संच हवेत म्हणून जपानमधून रेडिओ मागवून वाटण्यात आले. प्रत्यक्षात सुमारे नव्वद टक्के मतदान झाले. ते केवळ रेडिओमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण रेडिओविना ते झाले असते असेही मोहिमेतील जाणकारांना वाटत नव्हते.

हा धडा फायलीत राहिला. १९९३ च्या अखेरीस रवांडात राष्ट्रसंघाची मोहीम गेली, तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे रेडिओ केंद्र नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये मात्र ‘आरटीएलएम’ नावाचे एक खासगी केंद्र तेथे सुरू झाले होते. लोकप्रिय गाणी, चुरचुरीत गप्पा, श्रोत्यांशी सलगी आणि त्या आडून तुत्सींविरुद्ध विखार, असा त्याचा बाज होता. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली, तेव्हा या केंद्रावरून माणसांची नावे आणि लपण्याची ठिकाणे सांगितली जाऊ लागली. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख लोक मारले गेले.

मोहिमेचे सेनापती रोमेओ दालेर यांनी हे प्रसारण रोखावे अशी मागणी केली होती. त्यासाठी लागणारे विमान अमेरिकेपाशी होते. ते उडवण्याचा खर्च तासाला सुमारे ८,५०० डॉलर येईल, आणि त्याचा फारसा उपयोग होणार नाही, असे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मे १९९४ मधील टिपणात नमूद आहे. प्रसारण रोखले गेले नाही. त्याला उत्तर देणारा दुसरा आवाजही त्या हवेत नव्हता. पुढे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या संस्थापकांना दोषी ठरवले, तेव्हा रेडिओ हेही शस्त्र असू शकते यावर कायद्याची मोहोर उमटली.

त्यानंतर चित्र पालटले. सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट, सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, माली, जेथे जेथे मोठी मोहीम गेली तेथे रेडिओ केंद्र उभे राहिले. त्यांतील सर्वांत मोठा आणि तंत्रज्ञांच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रयोग काँगोमधला.

‘ओकापी’चे जाळे

ओकापी हा काँगोच्या अरण्यात आढळणारा, जिराफाच्या कुळातला पण पायांवर झेब्र्यासारखे पट्टे असणारा लाजाळू प्राणी. २५ फेब्रुवारी २००२ रोजी राष्ट्रसंघाची मोहीम आणि स्वित्झर्लंडमधील ‘फाँदासियाँ इराँदेल’ ही संस्था यांनी मिळून सुरू केलेल्या केंद्राला त्याचेच नाव दिले गेले. दिवसही विचारपूर्वक निवडलेला होता. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे काँगोतील परस्परविरोधी गट वाटाघाटींना बसत होते. देशाचे तेव्हा तुकडे पडले होते. किन्शासात सरकार, पूर्वेला एक बंडखोर गट, उत्तरेला दुसरा. एका भागातून दुसऱ्या भागात माणूस जाऊ शकत नव्हता. आवाज जाऊ लागला. फ्रेंच, लिंगाला, स्वाहिली, चिलुबा आणि किकाँगो अशा पाच भाषांतून एकच बातमीपत्र आघाडीच्या दोन्ही बाजूंना ऐकू येऊ लागले.

वाचायला हे सोपे वाटते. काँगोचे क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या साडेसातपट आहे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. सपाट भूमीवर १०० मीटर उंचीवरच्या अँटेनाचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर. तो दुप्पट करायचा तर उंची चौपट करावी लागते. ट्रान्समीटरची शक्ती कितीही वाढवली तरी डोंगराआडचे गाव आडच राहते. म्हणून तंत्रज्ञाचे पहिले काम नकाशा पसरून टेकडी शोधण्याचे. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा का आहे, हे पुणेकरांना सांगायला नको. फरक इतकाच की काँगोतील टेकडीवर रस्ता नसतो, आणि ती कोणाच्या ताब्यात आहे हे आदल्या दिवशी सैन्याला विचारून घ्यावे लागते.

असे एकेक केंद्र उभारले तरी ती परस्परांना जोडायची कशी? तारा नाहीत, म्हणून उपग्रह. किन्शासातील स्टुडिओतला आवाज ३६ हजार किलोमीटर वर जातो आणि पाव सेकंदाने गोमा, बुकावू किंवा किसांगानी येथील तबकडीवर उतरतो. तेथून तो स्थानिक ट्रान्समीटरला मिळतो. एफएम जेथे पोहोचणारच नाही, तेथे सुरुवातीच्या काळात लघुलहरींचा आधार घेतला गेला. वातावरणाच्या उंच विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन या लहरी हजार-दोन हजार किलोमीटर सहज ओलांडतात. आवाज कमीजास्त होतो, खरखर येते. पण अरण्यातल्या माणसापर्यंत तो पोहोचतो.

वीज, वीज आणि वीज

या क्षेत्रातील कामाचा खरा कस लागतो तो उभारणीनंतर. पहिली वीज डिझेलची. जनरेटर दोन ठेवावे लागतात. एक चालू, एक राखीव. डिझेल विमानाने किंवा दिवसेंदिवस चालणाऱ्या ट्रकने येते, आणि वाटेत चोरीला जाते. व्होल्टेज इतके खालीवर होते की स्टॅबिलायझर आणि बॅटऱ्यांची साखळी नसेल तर ट्रान्समीटर आठवडाभरही तग धरणार नाही.

दुसरी वीज आकाशातली. पूर्व काँगो हा जगात सर्वाधिक विजा पडणाऱ्या प्रदेशांपैकी एक आहे, आणि टेकडीवरचा उंच मनोरा म्हणजे तिला आयते आमंत्रण. उपाय सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे उत्तम अर्थिंग. पण गोमा शहर वसले आहे न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर. जानेवारी २००२ मध्ये, म्हणजे ‘ओकापी’ सुरू होण्याच्या महिनाभर आधी, त्याचा उद्रेक होऊन शहराचा मोठा भाग गाडला गेला होता. अशा खडकात वीज सहज जिरत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात अर्थिंग करणाऱ्या आपल्याकडच्या विद्युत अभियंत्यांना ही डोकेदुखी परिचयाची आहे. खड्डा मोठा खणा, कोळसा आणि मीठ भरा, तांब्याच्या पट्ट्या दूरवर न्या, आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

रोजचे काम याहून नीरस आहे. ट्रान्समीटरच्या दर्शनी भागावर एक आकडा असतो, अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचा. तो हळूहळू चढू लागला की जाणकार समजतो, केबलच्या एखाद्या जोडात पावसाचे पाणी शिरले आहे. वेळीच मनोऱ्यावर चढून तो जोड उघडून, सुकवून, पुन्हा बंद केला नाही, तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करते आणि शेवटी बंद पडते. वीस रुपयांच्या चिकटपट्टीअभावी एक अख्खा जिल्हा बातम्यांना मुकू शकतो. विमानतळाजवळ आणखी एक पथ्य पाळावे लागते. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तेथूनच विमानवाहतुकीचा सुरू होतो. फिल्टर सदोष असेल तर गाण्याचे पडसाद वैमानिकाच्या उपकरणात उमटायचे. मोहिमांचे तळ बहुधा विमानतळालगतच असल्याने हा धोका पुस्तकी नाही.

आणि सर्वांत मोठे भय शांततेचे. आपल्याकडे आकाशवाणीवर क्षणभर आवाज गेला तर श्रोता खुंटी पिळतो किंवा चहा टाकायला उठतो. युद्धग्रस्त शहरात केंद्र गप्प झाले की त्याचा अर्थ लावला जातो : शहर पडले, राष्ट्रसंघाने पळ काढला, आता आपले काय? अफवा पसरायला अर्धा तास पुरतो. म्हणून आवाज थांबताच इशारा देणारी यंत्रणा, आपोआप सुरू होणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम, आणि उपग्रहाचा दुवा तुटला तर स्थानिक केंद्राने स्वतःच्या बळावर चालू राहण्याची सोय, ही तिहेरी तटबंदी करावी लागते.

सरकारची नाराजी

तांत्रिक अडचणींपेक्षा राजकीय अडचणी बिकट. यजमान देशाशी झालेल्या करारानुसार मोहिमेला प्रसारणाचा हक्क असतो. पण सरकारला तो नेहमीच रुचतो असे नाही. ‘रेडिओ मिराया’ हे सुदान मोहिमेचे केंद्र २००६ मध्ये जुबा येथे सुरू झाले. मात्र उत्तरेत प्रसारण करण्याची परवानगी खार्टूमने दिली नाही. पुढे स्वतंत्र झालेल्या दक्षिण सुदाननेही मार्च २०१८ मध्ये परवान्याच्या मुद्द्यावर ‘मिराया’ला प्रसारण थांबवण्याचा आदेश दिला. मोहिमेने तो मानला नाही. काँगोत डिसेंबर २०१२ मध्ये बंडखोर नेत्याच्या मुलाखतीवरून ‘ओकापी’चा किन्शासातील आवाज काही दिवस बंद पाडण्यात आला. त्या केंद्राचे दोन पत्रकार, सर्ज महेशे आणि दिदास नामुजिम्बो, अनुक्रमे २००७ आणि २००८ मध्ये बुकावू शहरात गोळ्या घालून मारले गेले, हेही येथे नोंदवले पाहिजे. निळ्या ध्वजाचे संरक्षण किती तोकडे असते, ते यातून दिसते.

रेडिओने सारे सुटते असेही नाही. जुलै २०२२ मध्ये पूर्व काँगोत राष्ट्रसंघाविरुद्धच्या क्षोभात बुटेम्बो येथे आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. वीस वर्षे सैन्य असूनही आम्ही सुरक्षित का नाही, हा तेथील लोकांचा प्रश्न खराच होता. त्याचे उत्तर ट्रान्समीटरपाशी नव्हते.

कोण जाऊ शकतो?

इलेक्ट्रॉनिक्स किंवा दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी वा पदविका आणि प्रसारण केंद्रातील काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव ही सर्वसाधारण अपेक्षा असते. राष्ट्रसंघाच्या नियमित पदांबरोबरच ‘युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स’ या योजनेतूनही असे तंत्रज्ञ घेतले जातात. इंग्रजी अनिवार्य, पण आफ्रिकेतील निम्म्या जागांसाठी फ्रेंचवाचून दार उघडत नाही, आणि आपल्याकडचे उमेदवार मागे पडतात ते बहुधा येथेच. कुटुंब नेता येत नाही. जाण्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. गोळीबारात कुठे आडवे व्हायचे आणि नाक्यावर गाडी अडवली तर हात कुठे ठेवायचे, हे त्यात शिकवतात.

जाहिरातीत ठळकपणे न लिहिलेली एक अपेक्षाही असते, स्थानिक माणसे तयार करण्याची. ‘ओकापी’तील बहुसंख्य कर्मचारी काँगोचेच आहेत. परदेशी तज्ज्ञ दोन-तीन वर्षांनी जातो, मनोरा तेथेच राहतो. त्यावर चढणारा स्थानिक तरुण त्याने घडवला नसेल, तर त्याची सारी हुशारी त्याच्याबरोबर परतीच्या विमानात बसते.

कारण मोहिमा संपतात. पूर्व तिमोरमधील केंद्र २००२ मध्ये त्या नव्या राष्ट्राच्या प्रसारण सेवेचा पाया ठरले. आयव्हरी कोस्टमधील केंद्र २०१७ मध्ये तेथील एका प्रतिष्ठानाकडे, तर लायबेरियातील २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेकडे गेले. मालीत मात्र लष्करी राजवटीने मोहिमेला निघून जाण्यास सांगितले आणि २०२३ मध्ये ‘मिकाडो एफएम’ थांबले. काँगोत मोहिमेने जून २०२४ मध्ये दक्षिण किवू प्रांत सोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू ‘एम-२३’ या बंडखोरांच्या हाती पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पैशाअभावी शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटवण्याचे राष्ट्रसंघाने जाहीर केले.

मनोरा देणगी म्हणून देता येतो, ट्रान्समीटरही देता येतो. दर महिन्याचे डिझेल, उपग्रहाचे भाडे आणि पावसाळ्याआधी केबलचे जोड तपासायला वर चढणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, याचा करार हस्तांतराच्या कागदांत असतोच असे नाही.