पुरणपोळीचे शास्त्र आणि घरातील हात

फाल्गुनी पौर्णिमा आली की महाराष्ट्रातील बहुतेक घरांत पुरण शिजते. होळीला पहिला मान पुरणपोळीच्या नैवेद्याचा. श्रावणात जिवतीच्या पूजेला पुरणाचे दिवे होतात, पोळ्याला वर्षभर राबलेल्या बैलाच्या तोंडात पुरणपोळीचा घास जातो, आणि गौरी जेवतात त्या दिवशीही पुष्कळ घरांत पुरणावाचून पान वाढले जात नाही. एखाद्या समाजाचा आनंद कोणत्या पदार्थात साठवला आहे असे कोणी विचारले, तर आपल्याला फार शोध करावा लागणार नाही.

परंतु या पदार्थाविषयी बोलताना आपण एक वाक्य फार सहज उच्चारतो. "त्यांच्या हातालाच चव आहे हो!" स्तुती म्हणून हे वाक्य गोड आहे, पण त्याचे दोन परिणाम गोड नाहीत. पहिला असा की, जे ज्ञान आहे ते देणगी ठरते. आणि देणगी शिकवता येत नाही, शिकताही येत नाही. दुसरा असा की, ज्या एका स्त्रीच्या हाताला चव आहे असे ठरले, तिच्याच गळ्यात ते काम जन्मभर पडते. आमचे म्हणणे असे की, पुरणपोळीतील प्रत्येक क्रियेला कारण आहे. ते कारण एकदा समजले, म्हणजे घरातील कोणालाही, मग तो मुलगा असो वा आजोबा, त्या कामात हात घालता येतो. आज त्या कारणांचाच विचार करू.

प्रथम थोडे कुळाविषयी. 'पूर' म्हणजे भरणे. जे भरायचे ते पुरण. पोळीचे घराणे आपल्याकडे जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मंडक, म्हणजे आपले मांडे, यांचे वर्णन आहे. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खानदेशात आजही पुरणाचे मांडे पालथ्या खापरावर भाजतात. तेथे पोळपाट-लाटण्याचे काम नाही. सैल कणकेचा भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरवतात आणि तापल्या खापरावर टाकतात. आखाजीला हे मांडे आणि आमरस हे तिकडचे वैभव. दक्षिणेकडे तेलावर थापलेली पोळी, कर्नाटकात होळिगे, आंध्रात बोब्बट्लू, गुजरातेत तुरीच्या डाळीची वेढमी, अशी ही मंडळी एकमेकांच्या नात्यातली आहेत. नावे निराळी, पण आत गोड डाळ आणि बाहेर गव्हाचे पातळ आवरण ही कल्पना एकच.

आता डाळीकडे वळू. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ तास-दोन तास भिजवून, पुरेशा पाण्यात, किंचित हळद व चमचाभर तेल घालून शिजवतात. तेल घातल्याने फेस कमी येतो आणि डाळ उतू जात नाही. डाळीचा दाणा बोटांनी दाबला असता लोण्यासारखा मोडला पाहिजे. काही गावांत डाळ शिजता शिजत नाही आणि दोष डाळीला दिला जातो. पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. विहिरीच्या किंवा विंधणविहिरीच्या जड पाण्यातील चुन्याचे क्षार डाळीच्या पेशींची भित्तिका घट्ट धरून ठेवतात. चिमूटभर खाण्याचा सोडा तेथे उपयोगी पडतो. चिमटीपेक्षा अधिक मात्र नको, कारण मग चव बिघडते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण दाबाखाली पाण्याचे तापमान १०० अंशांवर न थांबता १२० अंशांच्या जवळ जाते.

शिजलेली डाळ चाळणीवर उपसून निथळू द्यायची. खाली जमणारे पाणी म्हणजे कट. कोठे त्यालाच येळवणी म्हणतात. त्यात चिंच, गूळ, गोडा मसाला आणि खोबरे पडले की कटाची आमटी होते. ही आमटी म्हणजे निव्वळ काटकसर नव्हे. गोडाच्या घासामागून आंबट-तिखट घोट मिळाला की जीभ पुन्हा ताजी होते, आणि डाळीतून पाण्यात उतरलेले सत्त्वही वाया जात नाही.

गूळ केव्हा घालावा, हा प्रश्न नवशिक्याला नेहमी पडतो. नियम असा : डाळ पुरती शिजल्यावाचून गूळ घालू नये. गुळातील साखर, त्याचा किंचित आंबटपणा आणि त्यातील क्षार ही तिन्ही डाळीचे मऊ होणे रोखून धरतात. कच्च्या डाळीत गूळ पडला की मग तासभर आटवले तरी दाणा टचटचीतच राहतो. प्रमाण म्हणाल तर डाळीच्या वजनाइतका गूळ, किंवा त्याहून थोडा कमी. अर्धा किलो डाळीच्या बेताच्या आकाराच्या अठरा-वीस पोळ्या होतात.

गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होते, मग हळूहळू आटत जाते. पातळ का होते? गूळ विरघळून त्याचा पाक झालेला असतो. घट्ट का होते? पाकातील पाणी उडून जाते. कोठे थांबायचे याची जुनी खूण अचूक आहे. डाव पुरणात उभा रोवला असता तो आडवा पडता कामा नये. त्याआधी उतरवले तर पुरण चिकट राहून पोळी फुटते; फार आटवले तर निवल्यावर ते कोरडे, खरखरीत होते आणि लाटताना आवरण फाडते. तथापि दोन्हींवर उपाय आहेत. सैल पुरण पुन्हा आटवता येते. कोरड्या पुरणाला दुधाचा हबका मारून मंद आचेवर सारखे करता येते. पुरण गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, किंवा पाट्यावर वाटावे, कारण निवल्यावर ते घट्ट होते आणि हातांना दुप्पट कष्ट पडतात. एकही दाणा अख्खा राहता कामा नये. तोच लाटताना आवरणाला भोक पाडतो. वेलदोडा व जायफळ अगदी शेवटी घालावे. त्यांचा सुगंध उडून जाणारा असल्यामुळे आधी घातले तर तो स्वयंपाकघरभर दरवळतो, पोळीत मात्र उरत नाही.

पोळी खरी जमते किंवा बिघडते ती कणकेत. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन व ग्लायडिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी मिळून मळणे सुरू झाले की त्यांचे जाळे बनते. ग्लुटेनिनमुळे त्या जाळ्याला ताण येतो, ग्लायडिनमुळे ते पसरू शकते. पुरणपोळीला ताणापेक्षा पसरण्याची गरज अधिक. म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळून घ्यावयाचे, कारण कोंड्याचे कण हे जाळे जागोजाग तोडतात. नेहमीच्या पोळीपेक्षा कणीक बरीच सैल भिजवावयाची. आणि तेलाचा व पाण्याचा हात लावीत ती तिंबावयाची. तिंबल्यावर तास-दोन तास झाकून ठेवावयाची. या वेळात पाणी पिठाच्या कणाकणात शिरते आणि मळताना आलेला ताण सैल पडतो. घाईने लगेच लाटावयास घेतलेली कणीक लाटण्याखालून आखडून मागे येते, हे ज्याने केले आहे त्यास ठाऊक आहे.

येथे सगळ्या विषयाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : कणीक आणि पुरण यांचा मऊपणा सारखा असावा. दोन्ही सारखी मऊ असली म्हणजे लाटण्याच्या दाबाखाली दोन्ही सारख्या वेगाने पसरतात आणि पुरण कडेपर्यंत पोचते. कणीक घट्ट आणि पुरण सैल असेल तर पुरण फुटून बाहेर येते. उलट असेल तर पुरणाचा गोळा मध्येच बसतो आणि कडा कोऱ्या राहतात. कणकेच्या गोळीच्या दुप्पट पुरण आत बसते ते याच समतेच्या जोरावर. ही समता मोजण्याचे साधन बाजारात मिळत नाही. एका हातात कणीक, दुसऱ्या हातात पुरण घेऊन दोन्ही दाबून पाहावयाची. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने असंख्य घरांत स्वयंपाक शिकवला गेला. त्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. परंतु वाटीने किती घ्यावे ते सांगता येते; बोटांना कसे लागावे ते मात्र शेजारी उभे राहून, कुणाच्या तरी हाताखाली हात घालूनच शिकावे लागते.

लाटताना पोळपाटावर तांदळाची पिठी घेतात. तिच्यात गव्हासारखे चिकट जाळे बनत नाही, म्हणून ती पोळीला आणि पोळपाटाला वेगळे ठेवते. हात हलका हवा. मधून कडेकडे लाटावे आणि पोळी आपल्या आपण फिरू द्यावी. भाजण्याबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की पुरण आधीच शिजलेले आहे. शिजायचे आहे ते बाहेरचे पातळ आवरण. म्हणून तवा चांगला तापलेला आणि आच मध्यम असावी. मंद आचेवर पोळी रेंगाळली तर तिच्यातील पाणी उडून ती वातड होते. आच फार मोठी असेल तर आवरण करपते. पोळी फुगते ती आत कोंडलेल्या वाफेने. तिच्यावर जे खमंग तांबूस ठिपके उठतात ते पिठातील प्रथिने व साखर यांच्या तापलेल्या संयोगातून. एखादी पोळी फुटून पुरण तव्यावर सांडले तर तवा लगेच फडक्याने पुसावा; नाही तर जळालेल्या गुळाचा कडवटपणा पुढच्या प्रत्येक पोळीला लागतो. गरम पोळ्या एकावर एक रचू नयेत, कापडावर पसराव्यात. वाफ कोंडली की त्या ओलसर होऊन चिकटतात.

आहाराच्या दृष्टीनेही ही जोडी शहाणपणाची आहे. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते गव्हातून मिळते. अर्थात गूळ-तूप हे रोजचे अन्न नव्हे. सणाचा पदार्थ सणालाच खावा, यात जिभेचेही हित आहे आणि शरीराचेही.

आता एक साधा हिशेब मांडू. दहा माणसांच्या घरात सणाला तीस पोळ्या लागतात असे धरा. एक पोळी भरून लाटण्यास तीन मिनिटे आणि भाजण्यास तीन मिनिटे धरली, तर एकटीने एकामागून एक करावयाचे म्हटल्यास तीन तास होतात. डाळ शिजवणे, पुरण वाटणे, कणीक तिंबणे यांचे तास निराळेच. आणि हे सारे होईपर्यंत बाहेर पंगत बसलेली असते. जिने पोळ्या केल्या तिच्या पानात शेवटची, बहुधा फुटलेली पोळी पडते, तीही निवलेली. हाच हिशेब दोघांमध्ये करून पाहा. एकाने लाटावी, दुसऱ्याने भाजावी. तीन तासांचे काम दीड तासात आटोपते. तिसऱ्याने उंडे भरून दिले तर त्याहून लवकर. मुलांना पुरणयंत्राची मूठ फिरवावयास द्यावी. आजोबांनी वेलदोडे सोलावेत, जायफळ किसावे. ज्याचा दंड भक्कम त्याने कणीक तिंबावी. हे काम खरोखर ताकदीचे आहे, आणि ते नेमके घरातल्या सर्वांत थकलेल्या हातांकडेच का असावे याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, आता पोळ्या विकत मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? विकत आणण्यात कमीपणा मुळीच नाही. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, आजारी माणसांना त्या पोळ्यांनी सण मिळवून दिला आहे, आणि त्या लाटून अनेक स्त्रियांनी आपले संसार उभे केले आहेत. कष्ट कमी झाले तर आनंदच आहे. आमची चिंता वेगळी आहे. एखादी लिपी लिहिणारे संपले तरी ताम्रपट उरतो व पुढे कोणी तो वाचतो. बोटांतले ज्ञान मात्र कोठेही कोरून ठेवलेले नसते. ज्या घरात एकाच व्यक्तीला पुरण कळत होते, त्या घरात तिच्या मागे पुरण कळणारे कोणीच उरत नाही. मग आपण तिच्या हातच्या चवीची आठवण काढीत बसतो. आठवण निश्चितच मोलाची. पण ती असताना तिच्या शेजारी उभे राहून चार पोळ्या फोडल्या असत्या, तर ते अधिक मोलाचे झाले असते.

पहिल्या दिवशी पोळ्या फुटतील. नकाशासारख्या वाकड्या होतील. त्या तुपाबरोबर तितक्याच गोड लागतात. तेव्हा येत्या सणाला घरातल्या जाणत्या व्यक्तीकडून पुरणाचा डाव आपल्या हाती मागून घ्यावा, कट कोठे उपसायचा आणि गूळ केव्हा घालायचा ते तिला विचारावे, आणि सांगेल तसे करावे. आणि तव्यावरून उतरलेली पहिली गरम पोळी, नैवेद्य झाल्यावर, तिच्याच पानात वाढावी.