जुना ड्रमसेट: नग मोजून निर्णय

ड्रमसेट म्हणजे एका वादकाच्या दोन हातांना आणि दोन पायांना पुरतील अशा बेताने एकत्र मांडलेल्या निरनिराळ्या वाद्यांचा संच होय. आणि जुन्या बाजारातून घेतलेला असा संच राखावा की विकावा हा प्रश्न अवघड वाटतो, तो बहुधा या संचाकडे एक वस्तू म्हणून पाहिल्यामुळे. पायाने वाजणारा बेस ड्रम, त्यावर किंवा शेजारी बसवलेले टॉम, जमिनीवर तीन पायांवर उभा राहणारा फ्लोअर टॉम, तळाच्या तारांमुळे चरचरणारा स्नेअर आणि कांशाच्या तीन-चार झांजा हे सर्व नग एकाच दिवशी विकत घेतलेले असले, तरी ते एकाच वेगाने जुने होत नाहीत, एकाच कारणाने बिघडत नाहीत आणि त्यांना गिऱ्हाईकही एकाच प्रकारचे मिळत नाही.

हा संच मुळात जागा आणि माणसे वाचवण्याच्या गरजेतून जन्मला. पूर्वी बेस ड्रम, स्नेअर आणि झांजा वाजवायला वेगवेगळे वादक लागत. 1909 साली लुडविग बंधूंनी शिकागोत पायाने बेस ड्रम वाजवण्याचे कार्यक्षम पेडल बाजारात आणले, 1920च्या दशकात पायानेच मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांची जोडी, म्हणजे हाय-हॅट, तयार झाली आणि तिघांचे काम एकाच्या अंगावर आले. मुंबईत हे वाद्य हॉटेलांतील जॅझच्या बँडमधून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गेले. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर, पुढे राहुलदेव बर्मन यांच्याकडे वाजवणारे फ्रँको वाझ, अशा पारशी आणि गोमंतकीय वादकांनी ते हिंदी गाण्याच्या अंगी लावले. त्या गाण्यांच्या मागोमाग ड्रमसेट गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत पोचला. मात्र 1985 साली रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड आणला आणि आठ रबरी चौकोनांवरून ड्रम, झांजा, घुंगरू यांचे आवाज काढता येऊ लागले. रिक्षात मांडीवर घेऊन जाता येणाऱ्या या यंत्रापुढे, टेंपो लागणारा ड्रमसेट ऑर्केस्ट्राच्या मालकाला नकोसा झाला नसता तरच नवल. जुन्या संचांपैकी अनेक माळ्यावर गेले ते फुटले म्हणून नव्हे, तर टेंपोच्या भाड्यामुळे.

हुबळीतील दाजीबानपेठेत राखावा की विकावा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या तुळजाभवानी मंदिरामुळे ओळखली जाणारी ही पेठ दाट वस्तीची आहे. खाली दुकान, वर घर आणि दोन घरांत एक भिंत, अशा बांधणीत पाच नगांच्या संचाला लागणारी सुमारे सहा फूट बाय पाच फूट मोकळी जमीन म्हणजे एका माणसाच्या अंथरुणापेक्षा कितीतरी जास्त जागा. आवाजाचा प्रश्न जागेहून अवघड आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात अनुक्रमे 65 आणि 55 डेसिबल अशी मर्यादा असून, रात्र म्हणजे दहा ते सहा असे त्यांत धरले आहे. पूर्ण जोराने वाजवलेला ड्रमसेट मात्र वादकाच्या कानाशी शंभर डेसिबल सहज ओलांडतो. त्यातही झांजेचा आवाज खिडकी लावून थोडाफार अडवता येतो, पण बेस ड्रमचा ठोका हवेपेक्षा जमिनीतून आणि भिंतीतून प्रवास करतो, त्यामुळे खालच्या दुकानदाराला तो ऐकू येण्याआधी फळीवरच्या डब्यांत जाणवतो. नवरात्रात देवळासमोर ढोल वाजतो तेव्हा पेठ तक्रार करीत नाही, कारण ते नऊ दिवस ठरलेले असतात. रोज संध्याकाळी एकच ताल शंभरदा घोटणाऱ्या विद्यार्थ्याला ती सवलत मिळत नाही, आणि न मिळणे रास्तही आहे.

निर्णयाची सुरुवात शेलपासून करावी. शेल म्हणजे ड्रमचे पोकळ लाकडी अंग, तबल्याच्या भाषेत खोड. तबल्याचे खोड अखंड लाकूड कोरून केलेले असते, तर ड्रमचे शेल लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात गोल वळवून बनते. मेपल किंवा बर्च लाकडाचे शेल वरच्या दर्जाचे, पॉपलर किंवा बासवुडचे स्वस्त संचांतले, असा ढोबळ भेद बाजार करतो. वरचे पान, म्हणजे ताणलेला पडदा, काढून शेल ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर पालथे ठेवावे, खोलीत अंधार करावा आणि आत बॅटरी लावून काठाखालून प्रकाश कुठे झिरपतो ते पाहावे. पान ज्या निमुळत्या काठावर टेकते तो काठ सर्वत्र एका पातळीत असेल तर ड्रम सुरात लागतो. एका जागी प्रकाशाची फट दिसली तर तेथे पान नीट टेकत नाही आणि कितीही स्क्रू पिळले तरी त्या बाजूचा सूर पडतो. त्यानंतर फुटपट्टीने तीन-चार दिशांनी व्यास मोजावा, कारण पाने काढून वर्षानुवर्षे ठेवलेले शेल लंबगोल होऊ शकते. 1960च्या दशकापर्यंतच्या काही ब्रिटिश ड्रमचे व्यास आजच्या मापांहून किंचित मोठे असल्याने त्यांच्यावर नवी पाने घट्ट बसतात किंवा बसतच नाहीत, हेही जुना माल हाताळणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पाने मात्र फाटकी असली तरी घाबरण्याचे कारण नाही. 1957च्या सुमारास कातड्याची जागा पॉलिएस्टरच्या पानांनी घेतल्यापासून पान ही चपलेच्या तळव्यासारखी झिजणारी आणि बदलायची वस्तू झाली आहे. तबल्याची पुडी बदलताना कुणी खोड टाकून देत नाही, तसेच हे.

झांजांची परीक्षा अधिक सावकाश करावी लागते, कारण संचातला सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत नाजूक भाग तोच. उत्तम झांजा ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के कथील यांच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात, म्हणजे देवळातली घंटा आणि चांगले टाळ ज्या कांशाचे असतात त्याच कुळातल्या. 1623पासूनची परंपरा सांगणारी झिल्जियन ही कंपनी मूळची इस्तंबूलचीच. मधल्या दर्जाच्या झांजांत कथील आठ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या पत्र्यातून कापलेल्या असतात, तर शिकाऊ संचासोबत येणाऱ्या पुष्कळशा झांजा निव्वळ पितळेच्या असतात व त्यांचा आवाज डब्याच्या झाकणासारखा लवकर विरतो. भांड्यांच्या दुकानात जुना कासार वाटी बोटावर तोलून टिचकी मारतो आणि धातू ओळखतो, त्याच रीतीने झांज मध्यभागी बोटावर धरून काठीचा हलका स्पर्श करावा. नाद लांबत जाऊन एकसंध विरला तर झांज निरोगी. मध्येच बारीक खरखर आली तर कुठेतरी तडा आहे. तो शोधण्यासाठी अंगठ्याचे नख काठावरून हळूहळू फिरवावे, कारण केसाएवढा तडा डोळ्याला दिसण्याआधी नखाला लागतो. मधले छिद्रही पाहावे. स्टँडवरची प्लास्टिकची नळी हरवलेली असताना झांज वाजत राहिली तर लोखंड कांशाला खात जाते आणि गोल छिद्र कुलपाच्या भोकासारखे लांबट होते. तडा गेलेली झांज जोडता येत नाही, कारण उष्णतेने धातूचा कस जातो. तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून तो पुढे सरकणे लांबवता येते, एवढेच. अशी झांज शेवटी वजनावर मोडीत जाते.

स्टँड आणि पेडल यांना फार वेळ द्यायला नको. हुबळीच्या पावसाळी दमटपणात क्रोमवर पडलेले ठिपके दिसायला वाईट असले तरी कामात आड येत नाहीत. आटे झिजलेले स्क्रू आणि घसरणारे सांधे मात्र येतात. पेडल हाताने हलके दाबून सोडावे. ते कुरकुर न करता जागेवर परतले की पुरे.

या परीक्षेनंतर जे चित्र उभे राहते त्यात विक्री आणि राखणे हे दोन्ही एकाच घरात शक्य असल्याचे दिसते. व्यावसायिक ड्रमर दौऱ्यावर जाताना अख्खा संच क्वचितच नेतो; स्थानिक सभागृहातील बेस ड्रम आणि टॉम वापरतो, पण स्नेअर, झांजा आणि पेडल स्वतःचे नेतो, कारण हाताची ओळख आणि आवाजाची खूण या तीन गोष्टींत असते. हीच विभागणी पेठेतल्या घराला लागू पडते. बेस ड्रम, टॉम आणि फ्लोअर टॉम हे जागा खाणारे नग, ज्यांना व्यापारी झांजांशिवायचा संच म्हणून ‘शेल पॅक’ म्हणतात, ते चर्चचे गायकवृंद, महाविद्यालयांचे बँड आणि नृत्यवर्ग यांना उपयोगी पडतात. या जागी आवाजाची मुभा असते आणि संच हलवावा लागत नाही. जाळीची पाने आणि छिद्रे पाडलेल्या कमी आवाजाच्या झांजा लावून संपूर्ण संच घरी ठेवण्याचाही मार्ग आहे, परंतु पेडलचा ठोका त्यानेही जमिनीतून जातोच, आणि त्या साहित्याचा खर्च स्वस्त जुन्या संचाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. संपूर्ण राखण्याचे एकच पटणारे कारण उरते, ते म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा तो जेथे मोकळेपणाने वाजेल अशी ठरलेली जागा. तशी जागा नसताना माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेले शेल उन्हाळ्यात तापते, पावसात ओल धरते आणि पापुद्र्यांमधला डिंक सुटू लागतो, म्हणजे राखल्याने ते राखलेही जात नाही.

विकताना नवी पाने घालून देण्याचा मोह टाळावा, कारण घेणारा आपल्या पसंतीची पाने घालतो आणि तो खर्च किमतीत परत येत नाही. काठाची आणि झांजेची परीक्षा मात्र गिऱ्हाईकासमोर पुन्हा करून दाखवावी. दाजीबानपेठेतल्या सामान्य घरासाठी निवाडा असा की शेल पॅक पावसाळा लागण्यापूर्वी विकावा आणि स्नेअर, पेडल व तडा नसलेल्या झांजा ठेवाव्यात. एवढे सामान ठेवायला शिलाई यंत्राएवढी जागा पुरते.