बदली सेविका : अंगणवाडी व पाळणाघरातील पहिले दिवस

अंगणवाडी सेविकेस प्रसूतीसाठी १८० दिवसांची मानधनासह रजा मिळते; त्याखेरीज वर्षाकाठी २० दिवसांची रजा असते. ही रजा तिच्या हक्काची आहे आणि ती तिने घ्यावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तिच्या रजेच्या काळात गावातील मुले लहान व्हावयाची थांबत नाहीत. सकाळी दार उघडावे लागते, आहार शिजावा लागतो, हजेरी लागावी लागते आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा हात कोणीतरी धरावा लागतो. ते ‘कोणीतरी’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न बहुधा रजा सुरू झाल्यानंतरच उपस्थित होतो. मग कधी मदतनीस सगळा भार उचलते, कधी शेजारच्या अंगणवाडीची सेविका अतिरिक्त कार्यभार म्हणून दोन ठिकाणी धावते, तर पाळणाघराच्या बाबतीत ओळखीपाळखीतील एखाद्या बाईस बोलावून घेतले जाते.

‘बदली’ हा शब्द मराठी माणसास मुंबईच्या कापड गिरण्यांमुळे परिचित आहे. सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावयाचे आणि कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर जावयाचे, असे ते काम होते. साचा कोणी चालवला याचे साच्यास सुखदुःख नसे. मुलांच्या खोलीत मात्र बदली माणूस दारातून आत आल्याबरोबर सर्व मुलांस ते कळते, आणि जे मूल जितके लहान तितके ते अधिक कळते. साधारणपणे आठव्या महिन्यापासून मूल परका चेहरा ओळखू लागते व दीड वर्षापर्यंत ही भीती तीव्र राहते. त्या वयाच्या मुलाने नव्या बाईस पाहून आकांत मांडला, तर त्यात बाईचा दोष नसतो आणि मुलाचा हट्टही नसतो. त्याची वाढ योग्य रीतीने होत असल्याचे ते लक्षण होय. ही एक गोष्ट नव्या सेविकेस आधी कोणी सांगितली, तर तिचा पहिला दिवस बराच सुसह्य होईल.

या विषयाचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून आले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुलाने आपल्याकडे यावे म्हणून न थांबता आपण मुलापर्यंत जावयाचे, हे त्या प्रयोगाचे सार होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रासही ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. बदली सेविकेचे काम वेगळ्या कारणाने तेच आहे. तिला अनोळखी मुलापर्यंत जावयाचे असते, आणि त्यासाठी वेळ थोडा असतो.

दोन माणसे आणि पंचवीस मुले

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका पाळणाघरात सहा महिने ते सहा वर्षे वयाची जास्तीत जास्त २५ मुले आणि त्यांच्यासाठी एक सेविका व एक मदतनीस, असे प्रमाण ठरविण्यात आले होते. पाळणाघर महिन्यातून २६ दिवस व दररोज साडेसात तास चालावे, अशी अपेक्षा होती. २०२२ पासून ही योजना मिशन शक्तीअंतर्गत ‘पाळणा’ या नावाने चालविली जाते. खाजगी क्षेत्रात, मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेण्यात आली आहे.

या आकड्यांकडे बदलीच्या दृष्टीने पाहावे. दोघींपैकी एक गैरहजर राहिली की पंचवीस मुलांमागे एकच बाई उरते. ती एका मुलाचे कपडे बदलत असताना उरलेल्या चोवीस मुलांकडे पाहणारे तेथे कोणी नसते. म्हणूनच बदली माणूस नेमणे ही सोय नव्हे, तर सुरक्षिततेची पहिली अट आहे. तुलनेसाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे उदाहरण घेता येईल. तेथे पाळणाघरास परवाना लागतो. तीन वर्षांखालील मुलांच्या गटात बारापेक्षा अधिक मुले घेता येत नाहीत आणि गट पूर्ण भरला असता तीन कर्मचारी हजर असावे लागतात. त्यांपैकी एक अगदी लहान मुलांच्या संगोपनाचे विशेष शिक्षण घेतलेली असावी लागते. मुलांत काम करू इच्छिणाऱ्या व्यक्तीची गुन्हेविषयक नोंद आधी तपासली जाते, आणि हे बंधन बदलीवर येणाऱ्यासही चुकत नाही. आपल्याकडे इतके मनुष्यबळ लगेच उभे राहणे कठीण आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु पूर्वचारित्र्याची पडताळणी करण्यास मोठा निधी लागत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस मारहाण झाल्याचे कॅमेऱ्यातील चित्रणावरून उघडकीस आले, तेव्हा राज्यभर संताप व्यक्त झाला होता. चौकशी न करता माणूस कामावर घेणे किती महाग पडू शकते, याची आठवण त्या घटनेने कायमची करून ठेवली आहे.

पहिल्या दिवशी काय विचारावे

नव्या सेविकेने पहिल्या दिवशी मुलांच्या आधी अर्धा तास तरी पोहोचावे. शक्य असेल तर रजेवर जाणाऱ्या सेविकेबरोबर आधीचे दोन-तीन दिवस नुसते बसावे. शासकीय दप्तर, वजनाच्या नोंदी, पोषणाहाराचा साठा व भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकर यांची माहिती तर घ्यावयाचीच असते. ती मुख्य सेविका देईल. परंतु खरी माहिती दप्तराबाहेरची असते. कोणत्या मुलास फिट येते? कोणत्या मुलास कशाची ॲलर्जी आहे? कोणास घरून औषध चालू आहे? कोणते मूल दारातून निसटून रस्त्याकडे पळते? कोणास शी-शू लागली की ते बोलत नाही, नुसते कोपऱ्यात जाऊन उभे राहते?

भाषेचा प्रश्न तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पालघरच्या पाड्यात वारली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल पाणी, भूक, आई, दुखणे हे शब्द आपल्या घरच्या भाषेत बोलते. हे आठ-दहा शब्द सेविकेने पहिल्या दिवशीच लिहून घ्यावेत. तहान लागलेले मूल रडत असावे आणि बाईने त्यास गप्प बसण्यास सांगावे, असे केवळ एका शब्दाच्या अज्ञानाने घडू शकते.

मुले आल्यावर उभे राहून स्वागताचे भाषण करू नये. खाली बसावे, हाताशी काही काम घ्यावे, मणी ओवावे किंवा चित्र काढावे. धीट मुले आपणहून जवळ येतात व बुजरी मुले त्यांच्या मागून येतात. रडणाऱ्या मुलास ओढून कडेवर घेऊ नये. त्याच्या नजरेच्या पातळीवर बसून त्याच्या नावाने हाक मारावी. मातेने मुलाचा डोळा चुकवून निघून जाऊ नये, हेही पालकांस समजावून सांगावे. निरोप घेऊन गेलेली आई परत येते हे मूल दोन-चार दिवसांत शिकते; फसवून गेलेल्या आईची मात्र ते दिवसभर वाट पाहत राहते.

दिनक्रम बदलू नये. उत्साही नवी बाई आपली नवी गाणी घेऊन येते व पहिल्याच दिवशी सारे काही निराळे करावयास जाते. हेतू चांगला असतो, परंतु ज्या मुलांची बाई बदलली आहे त्यांना निदान बडबडगीते तरी जुनीच हवी असतात. हात धुण्याचे गाणे तेच, जेवणाच्या पंगतीची जागा तीच, झोपावयाची चटई तीच असावी. नवीन गाणे आठवड्यानंतर आणता येते.

सुरक्षिततेच्या काही गोष्टी

मुले मोजण्याची सवय सर्वप्रथम लावून घ्यावी. अंगणातून आत येताना, जेवणापूर्वी, झोपेतून उठल्यावर व घरी पाठविताना संख्या मोजावी, आणि ती हजेरीशी जुळते का ते पाहावे. बादली, टिप, उघडे टाके मुलांच्या वाटेत नसावे. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे तीन-चार वर्षांच्या आतील मुलास देऊ नयेत, आणि धावत असलेल्या मुलाच्या तोंडात घास देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळास झोपविताना पाठीवर निजवावे. औषध पालकांच्या लेखी सूचनेवाचून देऊ नये. जुलाब होऊ लागल्यास जलसंजीवनी द्यावी व आरोग्यसेविकेस कळवावे.

मूल घरी सोपविणे हा दिवसातील सर्वांत नाजूक क्षण होय. जुनी सेविका सर्वांचे आजोबा, मामा, थोरली बहीण ओळखते. नवी कोणासही ओळखत नाही. म्हणून प्रत्येक मुलास नेण्यास कोण येणार, त्यांची नावे पालकांकडून लिहून घ्यावीत. यादीबाहेरची व्यक्ती आली तर ती कितीही प्रतिष्ठित असो, पालकांस विचारल्याशिवाय मूल देऊ नये. गावात नव्याने आलेल्या बाईस असे नाही म्हणणे जड जाते. सरपंचांनी पहिल्याच दिवशी ग्रामस्थांस हा नियम सांगून ठेवला, तर तिला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

कायद्याच्या दोन तरतुदी बदली सेविकेस माहीत असल्या पाहिजेत. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ अन्वये मुलाशी क्रूरतेने वागणे हा गुन्हा आहे, आणि मुलांची काळजी घेण्याचे काम सोपविलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्यासाठी शिक्षा अधिक कडक, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, अशी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका आल्यास पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे. आपण चार दिवसांसाठी आलो आहोत, ही सबब कायदा मानीत नाही. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक आहेच.

पंचायतीकडून अपेक्षा

गावात अशा कामासाठी तयार असलेल्या दोन-तीन स्त्रियांची यादी आधीच का असू नये? बचत गटांत शिकलेल्या, मुलांची आवड असलेल्या स्त्रिया असतात. त्यांची पडताळणी करून घ्यावी, वर्षातून काही दिवस त्यांना अंगणवाडीत सेविकेसोबत बसू द्यावे, म्हणजे प्रसंगी त्या मुलांना परक्या वाटणार नाहीत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. तीतून अशा स्त्रियांच्या प्रशिक्षणासाठी काही करता येईल का, हे नियम पाहून गटविकास अधिकारी व बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याशी विचारविनिमयाने ठरवावे. बदलीवर येणाऱ्या बाईस मोबदला किती व केव्हा मिळणार, हे तिला आधी सांगितले गेले पाहिजे. ‘गावचेच काम आहे’ असे म्हणून तिला विनामूल्य राबविण्याची प्रवृत्ती आढळते. ती योग्य नव्हे. पहिलीच्या वर्गशिक्षकांनीही अधूनमधून चक्कर टाकावी, कारण हीच मुले उद्या त्यांच्या वर्गात बसणार आहेत.

मूळ सेविका परत येण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून मुलांना तसे सांगत जावे. अगदी लहान मुलांनाही हे पुष्कळ समजते. या काळात कोणाचे वजन घटले, कोण बोलू लागले, कोणाचा दात पडला, कोणाच्या घरी नवे बाळ आले, कोणत्या कुटुंबाने ऊसतोडीसाठी स्थलांतर केले, हे एका साध्या वहीत दररोज दोन-दोन ओळींत लिहिलेले असावे. ती वही आणि दाराची किल्ली दोन्ही एकाच वेळी मूळ सेविकेच्या हाती द्यावीत, आणि त्या दिवशी दोघींनी मिळून मुलांना जेवू घालावे.