शेजाऱ्यास आधीं सांगावें

करमणुकीच्या कार्यक्रमांची दवंडी आपोआप पिटली जाते. ज्ञानपर कार्यक्रम मात्र कोणी आगाऊ सांगितल्यावांचून बहुधा हुकतात. म्हणून जाणत्या प्रेक्षकानें त्यांचा वार व वेळ शेजाऱ्यास आधीं कळवावी, हें अगत्याचें आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या त्याच्या कार्यक्रमांत साहित्यिक व कलावंत बोलत; ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठीं असे, तरी ताटांतील भाकरीमागचे कष्ट त्यांतून शहरी कुटुंबासही उमगत. त्या काळीं चित्रफिती महाग. त्या पुसून पुन्हां वापरल्या जात. त्यामुळें कित्येक कार्यक्रम पाहणाऱ्यांच्या स्मरणांतच उरले; ज्यांचे हुकले, त्यांचे कायमचेच हुकले.

१९८८ सालीं आलेली श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका सुदैवानें टिकली. तिचा मूळ ग्रंथ पंडित नेहरूंनीं १९४४ सालीं अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत असतां लिहिला. मुलांसह ती पाहिल्यास पाठ्यपुस्तकांतील सनावळीस चेहरे लाभतात.

चांगला कार्यक्रम एकट्यानें पाहणें हें अर्धेंच पाहणें होय.