पडद्यावर मेजवानी, पोटात उपास

हिवाळा आला की रसिकांना गोव्यातील ‘इफ्फी’ आणि पुण्यातील ‘पिफ’चे वेध लागतात. एरवी थिएटरात आठवडाभरही न टिकणारे स्वतंत्र दिग्दर्शकांचे चित्रपट इथे दिवसाला चार-चार पाहता येतात. एक संपला की दुसऱ्याच्या रांगेत उभे राहायचे, जागा जाऊ नये म्हणून जेवण चुकवायचे आणि मध्येच उठावे लागू नये म्हणून पाणीही टाळायचे, असा अनेकांचा शिरस्ता असतो. त्यात बहुतेक चित्रपटांना मध्यंतर नसते. लाव डियाझ या फिलिपिनो दिग्दर्शकाचा, २०१६ मध्ये व्हेनिसला ‘गोल्डन लायन’ मिळवणारा ‘द वुमन हू लेफ्ट’ तर पावणेचार तासांचा आहे.

विशीतले शरीर हे निभावून नेते. साठीतल्या शरीराला ते जड जाऊ शकते.

सर्वांत जास्त जपायला हवे ते मधुमेहींनी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तातील साखर ७०च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड आणि मग गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. घरी ती कुणाच्या तरी लगेच ध्यानात येतात. अंधाऱ्या सभागृहात मात्र शेजारच्याला घाम दिसत नाही. धडधड चित्रपटामुळे होतेय असे रुग्णाला वाटते आणि मान कलली तरी ‘डुलकी लागली असेल’ म्हणून सोबतीही दुर्लक्ष करतो.

शंका आली तरी थांबू नये. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून लगेच घ्यावी. चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून त्यावर विसंबू नये. पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असेल तर पुन्हा ग्लुकोज घ्यावे आणि बरे वाटताच जेवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ला फोन करावा. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नसतील, तर ग्लुकोजची पुडी औषध म्हणून जवळ असल्याचे दारातच सांगावे.

दुसरा प्रश्न पायांचा. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करून रक्त हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसल्यावर हा पंप थंडावतो. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा कर्करोगाच्या रुग्णांना त्यातून गुठळीचा धोका वाढतो. बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत, दोन चित्रपटांच्या मध्ये चालावे, पाणी प्यावे. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.

महोत्सवाचे वेळापत्रक हाती आले की आधी औषधांच्या आणि जेवणाच्या वेळांवर खूण करावी. चित्रपट त्यानंतर निवडावेत. दिवसाला चारऐवजी तीन पाहिले, तरी ते नीट लक्ष देऊन पाहता येतात.