अंगणात उतरवलेले इंजिन

पनवेलहून पुण्याला जाणारा जुना रस्ता खोपोली सोडली की बोरघाटात शिरतो आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर वर चढतो. घाटात पहिला-दुसरा गिअर, इंजिनाचा वेग जास्त आणि समोरून येणारा वारा कमी! अशा चढणीवर वर्षानुवर्षे राबलेले इंजिन कधीतरी तेल पिऊ लागते, निळसर धूर सोडते. मग ते गाडीतून उतरवून उघडावेच लागते.

उदाहरणाला आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून, नाव आणि थोडेफार रूप बदलत, २००१ पर्यंत तयार होत होती. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पण हौशी लोकांच्या अंगणात ती अजून आढळते. तिचे इंजिन पुढे, लांबीच्या दिशेत बसवलेले. बॉनेट काढले की सारे डोळ्यांसमोर असते. शिकायला याहून सोयीची गाडी मिळणे कठीण.

इंजिनाचे वजन आपण हिशेबासाठी १२० किलोग्रॅम धरू. ते टांगायचे कशाला? पुष्कळांची नजर आधी आंब्याच्या फांदीकडे जाते, नाहीतर पडवीच्या वाशाकडे. दोन्ही वाईट. वाशावर कौलांचे वजन सगळ्या लांबीभर पसरलेले असते. तेवढेच वजन मधोमध एका दोरीला टांगले, तर वाशाला वाकवणारा परिणाम दुप्पट होतो. शिवाय कौले आधीच वर आहेत! तेव्हा जाड लोखंडी नळांची तिपाई बरी. मात्र तिचे पाय बाहेर सरकू पाहतात, म्हणून ते खाली साखळीने एकमेकांना बांधावेत आणि प्रत्येकाखाली फळी द्यावी. पनवेलच्या पावसात भिजलेल्या अंगणात पाय रुततात. हे काम उन्हाळ्यातलेच.

आता उचलण्याचे यंत्र, म्हणजे चेनकप्पी. तिच्या जुन्या प्रकारात वर एकाच आसावर दोन चाके पक्की बसवलेली असतात. एक जरासे मोठे, एक जरासे लहान. समजा मोठ्याची त्रिज्या १० सेंमी. आणि लहानाची ९ सेंमी. आहे. साखळी ओढून चाकांचा एक फेरा केला, तर आपल्या हातातून सुमारे ६३ सेंमी. साखळी जाते. तेवढीच साखळी मोठे चाक वर घेते, पण त्याच वेळी लहान चाक सुमारे ५७ सेंमी. खाली सोडते. उरलेले ६ सेंमी. खालच्या कप्पीच्या दोन बाजूंत वाटले जातात आणि इंजिन जेमतेम ३ सेंमी. वर येते. हातातले अंतर भाराच्या अंतराच्या २० पट, म्हणून आदर्श स्थितीत बळ विसाव्या भागाइतके, म्हणजे ६ किलोग्रॅम वजनाइतके लागेल. प्रत्यक्षात घर्षणामुळे त्याच्या दुपटीहून जास्त लागते. पाऊण मीटर उचलायला १५ मीटर साखळी ओढावी लागते, ते वेगळेच.

घर्षणाला नावे ठेवू नका. निम्म्याहून अधिक काम त्यात जाते, म्हणूनच साखळी हातातून सोडली तरी भार खाली येत नाही. हल्लीच्या चेनकप्पीत दंतचक्रे असतात आणि भार धरून ठेवायला निराळा ब्रेक. तरीही टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय किंवा डोके कधीही नेऊ नये. हा नियम अनुभवी मिस्त्रीलाही आहे. आणि हे काम जाणत्या माणसाशिवाय, एकट्याने करायचे नाही.

उचलण्यापूर्वी सोडवण्याचे काम असते, आणि वेळ जातो तो तिथे. बॅटरीची बॉडीला जोडलेली तार सर्वात आधी काढावी. ती तशीच ठेवून दुसरी सोडवू लागलात आणि पाना बॉडीला टेकला, तर क्षणात प्रचंड वीजप्रवाह वाहतो व पाना तापून लाल होतो. रेडिएटर थंड झाल्यावरच उघडावा. आतले पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण उघडताच उसळते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत साचते. तेव्हा जवळपास शेगडी, विडी काही नको. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. धुराच्या नळीचे बोल्ट हटून बसतात, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आटे गच्च आवळले जातात. आदल्या रात्री त्यांवर पातळ तेल सोडावे, जोर करून मुंडके तोडू नये.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा असेल तर त्याखाली जॅक लावावा. त्याचा दांडा क्लचमध्ये शिरलेला असतो. तो पूर्ण सुटेपर्यंत इंजिन सरळ पुढे घ्यायचे. मध्येच वर ओढले तर सारे वजन त्या दांड्यावर येते.

इंजिनाच्या दोन टोकांना बांधलेल्या साखळ्यांतला कोन लहान ठेवा. त्या समांतर असत्या तर प्रत्येकीवर ६० किलोचा ताण आला असता. त्यांच्यात १२० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकीवर पूर्ण १२० किलो!

बाहेर काढलेले इंजिन जुन्या टायरवर ठेवतात, म्हणजे खालची पत्र्याची तेलपेटी चेपत नाही. वरचे डोके उघडल्यावर व्हर्नियर कॅलिपरने सिलिंडर मोजून पाहा. नव्या इंजिनात व्यास ६८ मिमी. आणि दट्ट्याची धाव ७५ मिमी. असते, चार सिलिंडरांचे घनफळ काढा, १०८९ घन सेंमी. येते. झिजलेल्या सिलिंडरचा व्यास वरच्या भागात अधिक भरेल. तिथे जळणाऱ्या वायूचा दाब सर्वात जास्त असतो, आणि तेल सर्वात कमी पोहोचते.